कोरोंनी डोकं टेकलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. खरं म्हणजे आता मला उशी म्हणणं हाच तुमचा मोठेपणा. पोटातला कृत्रिम कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला आहे, शिवण उसवली आहे. न्यूझीलंडमध्ये, पापाकुरा गावाच्या बाहेर, टाकून दिलेली जनावरं सांभाळतात अशा एका जागी मी एका बहिऱ्या, म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगाखाली पडून आहे. कुत्रीची माझ्याबद्दल तक्रार नाही, माझीही तिच्याबद्दल नाही. पण पुरती फाटण्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. ती पहिल्या दिवसापासून फक्त तिघांना माहीत होती. एक मी, दुसरे एक आजोबा आणि तिसरी एक नर्स. मला तोंड नव्हतं, आजोबांना शब्द नव्हते आणि नर्सला धीर होत नव्हता.

माझा जन्म २०११ सालचा, ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात. एका यंत्राने माझ्या पोटात कापूस फुंकला आणि दुसऱ्याने लगेच तोंड शिवून टाकलं. उशीच्या नशिबी हे जन्मापासूनच असतं, ऐकायचं सगळं आणि बोलायचं काही नाही. तिथून माझी रवानगी पापाकुराच्या एका वृद्धनिवासात झाली. आजारी, थकलेली माणसं तिथे राहायची आणि त्यांची काळजी घ्यायला नर्सेस असायच्या.

त्या घराचा एक नियम होता. पांढऱ्या अभ्र्याच्या उशा डोक्यासाठी आणि निळ्या अभ्र्याच्या पायांसाठी. त्यांची सरमिसळ कधीही करायची नाही. तिथल्या माओरी लोकांमध्ये डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग मानतात. जे पायाखाली गेलं ते पुन्हा डोक्याखाली येत नाही. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगत.

मी पांढऱ्यातली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच तोरा होता. निळ्या उशांकडे मी फळीवरून जरा नाक वर करूनच बघायची. मेंढ्या राखण्यात जन्म गेलेले एक आजोबा माझ्यावर डोकं ठेवून झोपेत आपल्या कुत्र्यांना हाका मारायचे. एक निवृत्त शिक्षिका तर मला कोणाला नेऊ देत नसत. “ही उशी चांगली आहे, हिला मान कळते,” असं त्या म्हणायच्या. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं फुगून राहिले. हळूहळू मला सगळ्या भाषा कळू लागल्या. माणूस दिवसभर काहीही बोलो, उशीत तोंड खुपसून रडताना तो स्वतःच्याच भाषेत रडतो. म्हणूनच मला मराठी आली, आणि ती मला मृणालिनीने शिकवली.

मृणालिनी २०१४ च्या हिवाळ्यात आली. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात तिने दहा-बारा वर्षं नोकरी केली होती. शीर सापडत नसली की बाकीच्या नर्सेस तिलाच बोलवायच्या म्हणे, आणि सलाइन लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण परदेशातून आलेल्या नर्सला न्यूझीलंडमध्ये थेट काम करता येत नाही. काही आठवडे शिकाऊ म्हणून काम करायचं, देखरेख करणाऱ्या बाईंनी ‘ही योग्य आहे’ असं लिहून द्यायचं, मग नोंदणी. तिच्या मोठ्या नावाला तिथल्या लोकांनी कात्री लावून ‘लिनी’ केलं. तेही तिने हसून चालवून घेतलं.

मला ती पहिल्याच आठवड्यात आवडली. झालं असं की एक पोरगेली मदतनीस बूट बांधायला खुर्चीवर बसली, आणि खुर्चीवर होते मी. मृणालिनी एकदम ओरडली, “अगं अगं, उशीवर बसू नये, गळू होतं!” मराठीतच ओरडली. मग स्वतःच लाजली आणि इंग्रजीत समजावत बसली की आमच्याकडे उशीवर बसत नाहीत, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात, मोठ्या माणसांनी सांगितलेलं आम्ही पाळतो. सगळे हसले. इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं मला कोणी भेटलं नव्हतं.

तिच्यावर देखरेख करायला ग्लेनिस नावाची एक वयस्क नर्स होती. आवाज मोठा, चाल झपाट्याची, मनाने सरळ. ती शिकाऊ नर्सेसना दर आठवड्याला एक काम द्यायची. आपल्या कामातला एक प्रसंग घ्यायचा. काय घडलं, तेव्हा मला काय वाटलं, मी तसं का वागले, पुन्हा तसं घडलं तर मी काय करेन, हे लिहायचं. या पानाला तिथे ‘रिफ्लेक्शन’ म्हणत. “अनुभव सगळ्यांनाच येतो,” ती म्हणायची, “पण मागे वळून त्याच्याकडे बघितल्याशिवाय तो काही शिकवत नाही. वीस वर्षं तीच चूक करणाऱ्या ढीगभर नर्सेस मी पाहिल्या आहेत.”

मृणालिनीला हे काम समजलं, पण पुण्याच्या पद्धतीने समजलं. तिच्या जुन्या रुग्णालयात काही चुकलं की मेट्रनबाई मेमो द्यायच्या आणि नर्सने लेखी खुलासा द्यायचा. खुलासा लिहिणं ही एक कला असते, मित्रांनो. त्यात एकही वाक्य खोटं नसतं आणि एकही वाक्य अंगाशी येत नाही. ‘सदर रुग्णास सूचना देण्यात आल्या होत्या,’ असं लिहायचं. कोणी दिल्या, कशा दिल्या, रुग्णाला कळल्या का, हे विचारायचं नसतं. मृणालिनी या कलेत तरबेज होती. अर्ध्या वॉर्डाचे खुलासे तीच लिहून द्यायची.

आता कोरोंबद्दल सांगते. कोरो म्हणजे माओरी भाषेत आजोबा. ते तामिहाना घराण्यातले, पण आमच्याकडे सगळे त्यांना कोरोच म्हणत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. शब्द एकच उरला होता. ‘आए’, म्हणजे हो. पाणी हवं असलं तरी आए, नको असलं तरी आए. राग आला तरी तोंडातून आएच बाहेर पडायचं, आणि मग ते स्वतःवरच चिडून डोळे मिटून घ्यायचे. त्यांची मुलगी हुइया रोज संध्याकाळी यायची. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, “डॅडचं तोंड काय म्हणतं ते ऐकू नका. त्यांच्या डाव्या हाताकडे बघा. खरं उत्तर तिथे असतं.”

कोरोंच्या डोक्याखाली मी होते. जड, शांत डोकं होतं ते. उजवा कान नेहमी थंड असायचा.

त्या दिवशी दुपारी ग्लेनिस मृणालिनीचं काम तपासायला येणार होती. पंधरा मिनिटं आधी मृणालिनीला दिसलं की कोरोंची उजवी टाच लाल झाली आहे. पडून राहणाऱ्या माणसाची टाच लाल होणं म्हणजे जखमेची सुरुवात. त्यावर उपाय सोपा असतो. पोटरीखाली उशी द्यायची, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. मृणालिनी समोरच्या कपड्यांच्या खोलीत धावली. धुलाईची गाडी आलीच नव्हती. फळीवर निळ्या अभ्र्याची एकही उशी नाही. दुसऱ्या मजल्यावर मिळाली असती, पण व्हरांड्यात ग्लेनिसचा आवाज येऊ लागला होता.

मृणालिनीने कोरोंच्या मानेखाली हात घातला. “कोरो, ही उशी घेऊ का? फक्त पाच मिनिटं.”

“आए,” कोरो म्हणाले.

आणि त्याच वेळी त्यांचा डावा हात वर आला आणि त्यांनी माझा कोपरा मुठीत धरला. आजाराने त्यांच्यात जेवढं बळ शिल्लक ठेवलं होतं, तेवढं सगळं त्या मुठीत होतं. मृणालिनीने मूठ पाहिली. मी शपथेवर सांगते, पाहिली. तिचा हात थांबला. मग बाहेर ग्लेनिस कोणाशी तरी हसली, आणि मृणालिनी “झालंच हं, झालंच,” असं मराठीत पुटपुटत जोर लावून मला ओढून मोकळी झाली. मूठ सुटली. मी कोरोंच्या पायाखाली गेले.

ग्लेनिसने टाच पाहिली, पोटरीखालची उशी पाहिली. अभ्र्यावर चादरीचं टोक आलेलं होतं, त्यामुळे रंग तिच्या लक्षात आला नाही. “गुड स्पॉटिंग, लिनी,” असं म्हणून ती पुढच्या खोलीत गेली.

ती गेल्याबरोबर मृणालिनीने दुसऱ्या मजल्यावरून निळी उशी आणून पोटरीखाली दिली आणि मला काढलं. माझा अभ्रा बदलला. नवा, कडक इस्त्रीचा, पांढराशुभ्र अभ्रा घातला. मला दोन्ही बाजूंनी थोपटून फुलवलं आणि कोरोंच्या डोक्याखाली परत ठेवलं. स्वच्छ उशी, स्वच्छ अभ्रा, तिच्या लेखी विषय संपला. हीच तिची चूक. प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच.

कोरोंनी डोकं उचललं. मान थरथरत होती, पण डोकं माझ्यापासून दोन बोटं वर अधांतरी राहिलं. मान दमली की ते अंग घसटत कडेला सरकायचे आणि गादीच्या काठावर गाल टेकवायचे. कोणी त्यांना नीट झोपवलं की पुन्हा मान वर. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खाली होते आणि नव्हते. एखाद्या माणसाने तुम्हाला नाकारलं तर काय वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने मला गुपचूप काढून कपड्यांच्या खोलीत ठेवलं आणि कोरोंना नवी कोरी पांढरी उशी दिली. तिला वाटलं, मिटलं. पण कोरोंनी त्या उशीवरही डोकं टेकलं नाही. कसं टेकतील? ही तरी कुठून आली, कोणाच्या पायाखालून आली, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचा उशीवरचा नाही, आम्हा सगळ्यांवरचाच विश्वास उडाला होता. नोंदीत लिहिलं गेलं, ‘रुग्ण अस्वस्थ. मान वाकडी ठेवतो. सहकार्य करत नाही.’ डॉक्टरांनी तपासून अर्धांगवायूचाच परिणाम असेल म्हटलं आणि झोपेची गोळी दिली. गोळीने डोळे मिटायचे, मान मात्र उचललेलीच राहायची. जेवण कमी झालं. वाकड्या मानेने गिळताना ठसका लागू लागला. कपड्यांची खोली त्यांच्या दारासमोरच होती, तो ठसका मला रोज ऐकू यायचा.

याच प्रसंगावर मृणालिनीने आपलं त्या आठवड्याचं पान लिहिलं. हो, याच! रुग्णाची टाच लाल झालेली माझ्या वेळीच लक्षात आली, मी तत्परतेने पाय उचलून ठेवला, जखम टळली, असं. ग्लेनिसने पान वाचलं आणि कपड्यांच्या खोलीत तिला गाठून परत दिलं.

“सगळं बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण लिनी, यात टाच आहे, उशी आहे, तूही थोडीशी आहेस. माणूस कुठे आहे? तू हे करत असताना कोरोंनी काय केलं?”

मृणालिनीचे हात चादरीच्या घडीवर थांबले. ग्लेनिसला काहीच माहीत नव्हतं. हा प्रश्न ती प्रत्येकीला विचारायची.

ग्लेनिस गेल्यावर मृणालिनीने नवऱ्याला फोन लावला. त्याचं नाव सुयश. तो पुण्याहून संगणकाच्या नोकरीवर आला होता आणि चार महिन्यांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम बंद केली होती. फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात कोणाच्या तरी मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. आता मृणालिनीची नोंदणी झाली तरच तिला नोकरी, आणि तिला नोकरी तरच तिघांचा व्हिसा. तिने फोन फळीवर माझ्या शेजारी ठेवला, आवाज मोठा केला आणि घड्या घालत बोलू लागली.

“परत आलं रे माझं रिफ्लेक्शन.”

“का? इंग्लिश चुकलं?”

“इंग्लिश नाही. ती विचारते, पेशंटने काय केलं.”

“मग काय केलं त्याने?”

मृणालिनीने घातलेली घडी पुन्हा मोडली. “हो म्हणाले ते.”

“मग झालं तर! कन्सेंट दिला म्हणून लिही. इतका काय विचार करतेस?”

“ते सगळ्यालाच हो म्हणतात, सुयश. त्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही.”

“मृणा, ऐक.” सुयशचा आवाज खाली आला. “कालचा इंटरव्ह्यूपण गेला माझा. तुला सांगितलं नाही, तू दमून आली होतीस. आता मी फक्त तुझ्याकडे बघतोय गं. खोटं लिही म्हणत नाही मी. हो म्हणाले ना? मग हो म्हणाले एवढंच लिही.”

मागून एका लहान मुलीचा आवाज आला. “आई, कॅन यू गेट मिल्क फ्रॉम द डेअरी?”

“आणते गं ओवी.”

“स्वीट ॲज!” म्हणजे तिथल्या पोरांच्या भाषेत ‘मस्त’.

फोन बंद झाला. मृणालिनी भिंतीला टेकून उभी राहिली. सुयशवर मला राग धरता येत नाही. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, नुसती धास्ती होती. आणि आगीतून उठून फुफाट्यात पडायला कोणाला आवडतं?

तिने पान पुन्हा लिहिलं. ‘उशी हलवण्यापूर्वी रुग्णाची परवानगी विचारण्यात आली व रुग्णाने तोंडी होकार दिला.’ शब्दशः खरं. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात सुंदर खुलासा असेल. ग्लेनिसने तो वाचला, जरा वेळ पेन ओठांवर आपटलं आणि ठीक आहे म्हणाली. शुक्रवारी ती योग्यतेच्या कागदावर सही करणार होती. मृणालिनीला आता काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

मी फळीवर पडून होते. मला इतकी वर्षं शिवलेल्या तोंडाचं दुःख नव्हतं, त्या आठवड्यात झालं. समोर एक माणूस मान उचलून पडला आहे, त्याला का ते सांगता येत नाही, जिला सांगता येतं ती सांगत नाही, आणि आपण ढिम्म उशी. देवाने मला दगड केलं असतं तरी कोणावर तरी पडून आवाज केला असता.

गुरुवारी दुपारी जेवताना कोरोंना मोठा ठसका लागला. घास श्वासाच्या वाटेला गेला. ओठ निळे पडले. घंटी वाजली, पळापळ झाली. मृणालिनीनेच त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, नळीने घसा मोकळा केला. श्वास परत आला. हुइया त्या दिवशी दुपारीच, नेमकी त्याच वेळी जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने दारातून सगळं पाहिलं आणि व्हरांड्यात येऊन भिंतीवर हात आपटला.

“ते मान अशी का धरतात?” ती रडत विचारत होती. “माझे डॅड असे नव्हते. कोणी काही केलं का त्यांना? मला कोणीतरी सांगा!”

“अर्धांगवायूमुळे असेल, लव्ह,” ग्लेनिस म्हणाली. “आम्हालाही नक्की माहीत नाही.”

मृणालिनी कपड्यांच्या खोलीत आली, तिने दार लोटलं, हाताला आलेली उशी ओढली आणि तीत तोंड खुपसून ती ओरडली. ती उशी मी होते. तिने मला ओळखलं नाही. उशा सारख्याच दिसतात.

ग्लेनिस मागोमाग आली. तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रड, रड. आज तू त्यांचा जीव वाचवलास. ब्रिलियंट काम केलंस.”

“नका म्हणू!” मृणालिनीने माझ्यातून तोंड वर काढलं. “मला चांगलं म्हणू नका. मी त्यांच्या डोक्याखालची उशी पायाखाली घातली. निळी नव्हती आणि तुम्ही येत होतात. मग अभ्रा बदलला आणि तीच उशी परत डोक्याखाली ठेवली. म्हणून ते डोकं टेकत नाहीत. मला पहिल्या संध्याकाळपासून माहीत आहे.”

ग्लेनिसचा हात खांद्यावरून खाली आला. “तू लिहिलंस की ते हो म्हणाले.”

“हो म्हणाले. आणि हाताने उशी धरून ठेवली. मी मूठ पाहिली. मी ती सोडवली.”

ग्लेनिसने विचारलं, “त्यांना नको म्हणता आलं असतं, तर ओढली असतीस?”

“नाही. ते नको म्हणाले असते तर मी थांबले असते.”

“लिनी, ते म्हणालेच होते.”

मृणालिनी खाली फरशीवरच बसली. मला तिने छातीशी धरलं होतं. “मी लोकांना उशीवर बसू देत नाही,” ती म्हणाली. “पुस्तकाला पाय लागला तर मी पाया पडते. मला यातलं काहीच नवीन नव्हतं. त्यांच्या जागी माझे वडील असते तर मी दुसऱ्या मजल्यावर पळत गेले असते. हे बोलू शकत नाहीत, कोणाला सांगणार नाहीत, म्हणून मी ओढली.” आणि मग अगदी लहान आवाजात, “मला घालवून देतील का?”

“मला माहीत नाही,” ग्लेनिस म्हणाली. ती खोटा धीर देणाऱ्यांतली नव्हती. “वरिष्ठांना मला हे सांगावंच लागेल. पण आधी तू त्यांच्या घरच्यांना सांग. तूच. ती उशी कुठे आहे?”

मृणालिनीने माझ्याकडे पाहिलं. कोरोंनी मुठीत धरलेल्या माझ्या कोपऱ्यावर धुलाईचा खुणेचा दोरा होता. तेव्हा तिने मला ओळखलं.

आम्ही तिघी कोरोंच्या खोलीत गेलो. कोरो गादीच्या काठाला गाल टेकवून पडले होते. हुइया त्यांचा हात धरून बसली होती. मृणालिनीने मला दोन्ही हातांत धरलं आणि सांगितलं. हुइयाला नव्हे, आधी कोरोंना. “कोरो, तुम्ही उशी धरली होती. मी पाहिलं होतं. तरीही मी ओढली आणि पायाखाली घातली. मग तीच परत दिली. माझं चुकलं.” तिने काहीही गाळलं नाही. ‘देण्यात आली’ नाही, ‘ठेवण्यात आली’ नाही. मी ओढली, मी ठेवली, मी गप्प बसले.

कोरो तिच्याकडे बघत होते. हुइयाने त्यांना माओरीत हळूच विचारलं, हीच का ती उशी.

“आए,” कोरो म्हणाले. या वेळी त्यांचा डावा हातही तेच सांगत होता. त्यांनी हाताने माझ्याकडे बोट केलं होतं.

हुइया उठली. ती आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिने केला नाही. “म्हणजे हे इतके दिवस मान उचलून होते,” ती म्हणाली, “आणि मी रोज येऊन त्यांना सांगत होते, डॅड, हट्ट करू नका, नीट झोपा. मी त्यांना रागावले. तू तिथे उभी होतीस.”

“हो,” मृणालिनी म्हणाली.

“ती उशी बाहेर घेऊन जा. आणि तू या खोलीत येऊ नकोस.”

मृणालिनी दारापर्यंत मागे सरली. हुइयाने आपल्या मुलाला फोन करून घरून कोरोंची स्वतःची उशी आणायला सांगितली. ती येईपर्यंत तिने आपला हात वडिलांच्या मानेखाली घातला. कोरोंचं डोकं थोडा वेळ तसंच वर राहिलं, इतक्या दिवसांत मानेला सवयच झाली होती. मग ते खाली आलं आणि मुलीच्या तळहातात पडलं. पाच मिनिटांत ते घोरू लागले. मृणालिनी मला पोटाशी धरून व्हरांड्यात उभी होती आणि तो आवाज ऐकत होती.

शुक्रवारी सही झाली नाही. “ओढलीस म्हणून नाही,” ग्लेनिसने तिला कपड्यांच्या खोलीतच सांगितलं. “चूक माझ्याकडूनही झाली, मी अभ्रा बघितला नाही आणि तू लिहिलेला तो होकार मला खटकला होता, तरी मी विचारलं नाही. माझं पान मी लिहिणार आहे. पण तुला कारण माहीत होतं आणि तू त्यांना झोपेची गोळी देत राहिलीस. त्या दिवसांसाठी मी सही करू शकत नाही.” मृणालिनीने मान हलवली. तिने वाद घातला नाही. सुयश आणि ओवी पुढच्या महिन्यात पुण्याला परतले. विमानतळावर ओवी आईला सोडेना, हे तिने एका मदतनिसाला सांगताना मी ऐकलं. शिकाऊ म्हणून राहायला मुदत फक्त तिलाच मिळाली; ती एकटी मागे राहिली, दुसऱ्या गावातल्या वृद्धनिवासात पुन्हा पहिल्यापासून सगळे आठवडे काढायला.

कोरो वसंतात गेले, छातीत कफ होऊन. तो त्या वाकड्या मानेच्या घासांमुळे होता का, कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी नाहीही म्हणालं नाही. ते स्वतःच्या उशीवर गेले, एवढं मला माहीत आहे. मृणालिनी तोवर आमच्याकडून गेली होती. पुढे ती पास झाली, नर्स झाली, असं ग्लेनिसने नव्या मुलींना शिकवताना सांगितलं. नवरा आणि मुलगी परत आली का, ते मात्र ती बोलली नाही, आणि विचारायला मला तोंड कुठे होतं?

मृणालिनीने खरं सांगितलं त्याच आठवड्यात मला निळा अभ्रा चढला. पाच वर्षं मी पोटऱ्यांखाली काढली. मग २०१९ मध्ये जुन्या चादरींच्या गठ्ठ्यातून मला इकडे जनावरांकडे धाडलं. माझा तोरा तेव्हाच उतरला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मृणालिनीने खरं सांगितलं तेव्हा माझं पांढरेपण जाणार हे मला कळत होतं. तरी मी मनातल्या मनात ओरडत होते, सांग, सांग.

मित्रांनो, उशीला ऊन दाखवा, अभ्रे धुवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून चूक होईल. घाईत होईल, भीतीपोटी होईल, कोणाच्या तरी मुठीतून तुम्ही काहीतरी ओढून घ्याल. तेव्हा मागे वळून बघा, आणि जे दिसलं ते जसंच्या तसं बोला, ज्याचं ओढलं त्याच्यासमोर बोला. शब्द जुळवत बसू नका. तुम्ही शब्द जुळवत असता तेवढा वेळ कोणीतरी मान उचलून पडलेलं असतं.